कितवा गिअर

बाबांचा एक खेळ होता. लहानपणी मी आणि दादा गाडीत मागे बसायचो. डोळे मिटायचे. बाबा चालवता चालवता विचारायचे, "कितवा?" कितवा गिअर पडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. चुकलं की गाडी कडेला. "उतर." तिथून घरापर्यंत पायी.

माझं बहुतेक वेळा बरोबर यायचं. दादा कायम चुकायचा. आमच्या घरात सगळ्यात जास्त दादा चाललाय.

मग बाबांना झटका आला. हात सुधारला, पाय नाही सुधारला. क्लच पुरता दाबला जात नाही आणि गिअर मात्र जुन्याच तोऱ्यात टाकतात. गाडीचे दात पडले. खरंच दात, आतल्या गिअरचे. दुसरा टाकला की खर्र करून बाहेर. एक दिवस भर चौकात गाडी बसली ती बसलीच. मागून हॉर्नवर हॉर्न, आणि बाबा आत बसून गिअरच्या दांड्याशी भांडतायत.

दोरी बांधून गॅरेजला नेली. मिस्त्री म्हणाला गिअरबॉक्स होईल, पण एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च करायचा का ते तुम्ही बघा. झालं. दुरुस्त करायची की विकायची, घरात रोज खल. बाबांचं एकच, दुरुस्त करा. त्यांना दुसरं होतंच काय. सकाळी कठडा धरून धरून जिना उतरायचा, गाडीत बसायचं, कुठेतरी जाऊन यायचं. गाडी गेली की बाबा तिसऱ्या मजल्यावरच राहणार, हे त्यांना कळत होतं. आम्हालाही.

वहिनी म्हणायची, कुणालातरी उडवतील. त्यात खोटं काही नव्हतं. बिल्डिंगचं गेट त्यांनी दोनदा वाकवलेलं. त्यांनी चालवू नये असं मलाही वाटत होतं. फक्त तोंडावर सांगायची कुणाची टाप नव्हती.

दादाने डोकं लावलं. गाडी गुपचूप दुरुस्तच करून घेतली, कारण चालत्या गाडीला भाव येतो. आणि बाबांना मिस्त्रीकडून फोन करवला. काका, तुमच्या गिअरबॉक्सचे पार्ट यायचे बंद झाले, आता भंगारच. बाबा म्हणाले, बरं. मग म्हणाले, माझी पाठीची उशी राहिलीय गाडीत. आणि एकदा बघू दे.

आली पंचाईत. चांगली धडधाकट गाडी दादाने दोरीने ओढत बिल्डिंगखाली आणली. आत स्टिअरिंग धरून मी. त्याला हसू आवरत नव्हतं.

"जरा रडका चेहरा कर की," तो म्हणाला. "मयताला आलायस."

बाबा खाली आले. बॉनेटवर हात ठेवला. आत बसायला निघाले तर दादा दार अडवूनच उभा. त्याने स्वतःच उशी काढून दिली.

"बसून काय करणार, बाबा? मेलीय ती. तुम्हीच मारलीत."

बाबांनी उशी काखेत धरली आणि जिना चढायला लागले. चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

घेणारा एक फोटोग्राफर होता. त्यानेही कोपऱ्यापर्यंत दोरीनेच न्यायची असं ठरलेलं. संध्याकाळी आला आणि अडून बसला. चालती गाडी ओढत नेऊ, मी काय वेडा आहे? मग दादाने वर वहिनीला फोन लावला. वहिनीने गॅलरीचं दार लावून घेतलं आणि टीव्ही मोठा केला. बातम्यावाला किंचाळायला लागला.

बाबा उशी मांडीवर घेऊन बसलेले, शेजारी मी. म्हणाले, बंद कर ते. आपल्याला ऐकू आलं नाही असं वहिनीने ठरवलं. तर बाबा भिंतीला धरून उठले आणि प्लगच उपटला.

खाली गाडी सुरू झाली. पहिला पडला. मग दुसरा, लोण्यासारखा. खर्र नाही की काही नाही. गेटबाहेर पडून गाडी चढाला लागली.

बाबांनी डोळे मिटले होते.

"कितवा?"

मला माहीत होतं. तिसऱ्याला ती बारीक शीळ घालते. दुसरी कुठलीच गाडी तशी घालत नाही.

"कळत नाही, बाबा," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाचीतरी असेल."

वहिनी फरशीकडे बघत होती. शीळ लांब लांब गेली, चौथा पडला, मग काहीच ऐकू येईना. तेवढ्यात दादा हात झटकत आत आला. दोरी खांद्यावर टाकलेली.

"गेली, बाबा. ओढून नेली."

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं.

"तुला कधीच ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "तुझं काही नाही."

मग माझ्याकडे वळले.

"तुला येतं. उतर."

दादाला काहीच कळेना. कुठून उतर, तो हसत विचारत राहिला. मी चपला शोधायला लागलो.