डिस्क शाबूत आहे

"डिस्क शाबूत आहे," जयवंतने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही ते खरंच होतं.

"मग दादांची गाणी का लागत न्हाईत, सर?" गौतमीने विचारलं. ऑफिसात ती जपून प्रमाण मराठी बोलायची. गावाकडचं, घोटावड्याचं 'न्हाई' आज निसटलं.

मारुंजीच्या रस्त्यावर खाली फरशांचं दुकान आणि वर ही कंपनी. जयवंत मूळचा परभणीचा. अकरा वर्षं ड्रायव्हर लिहीत होता, म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये उभं राहून दोघांचे निरोप पोचवणारे प्रोग्रॅम. या कामात नाव निघे ते फक्त बिघाड झाल्यावर.

सध्याचं काम होतं डिस्क संगणकाला जोडणाऱ्या एका कार्डाचं. डिस्कवर जे लिहायचं ते आधी कुलूपबंद करून मग लिहायचं. कुलूप घालायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, कार्डावरच्या चिपने घालायचं. हे झटपट होई. पण किल्ली चिपच्या पोटातच जन्मे आणि तिथून कधी बाहेर येत नसे. दुसरी, ड्रायव्हरने स्वतः घालायचं. हे रखडत चाले. पण किल्ली एका फाइलमध्ये असे आणि तिची नक्कल काढून ठेवता येई. यावर निर्णय घेणारी मीटिंग अकरा मिनिटं चालली, त्यातली चार प्रोजेक्टर लावण्यात गेली. जयवंतने विचारलं, चिप गेली तर? मॅनेजर ऋषिकेश त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. तो म्हणाला की चिप जात नसते, आणि क्लायंटला स्पीड हवा आहे. जयवंतचा प्रश्न इतिवृत्तात 'इतर' या सदराखाली सन्मानाने नोंदवला गेला. संध्याकाळी जयवंतने ती ओळ लिहिली: चिप सापडली तर सगळं तिच्या हवाली, न सापडली तरच स्वतः.

मग चाचणी. चाचणीला खरा डेटा लागतो आणि कंपनी तो देत नसे. ज्याने त्याने घरून आणावा, अशी रीत पडली होती. टेस्ट डिस्कवर कुणाच्या मेहुणीचं लग्न होतं, कुणाचे पायरेटेड सिनेमे होते. चाचणीच्या कामाला असलेल्या गौतमीने एक कॅसेट आणली. तिचे वडील विलासदादा जयंतीला गावच्या विहारात गायनपार्टी घेऊन बसत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आवाज उरला होता तो एवढ्या कॅसेटमध्ये. मुळशीच्या ओलीने टेपला बुरशी धरली होती. जयवंतने घरचा टेपरेकॉर्डर आणून संगणकाला जोडला, दोन्ही बाजू दोन फाइलींत उतरवून घेतल्या. खात्रीसाठी पुन्हा लावली तेव्हा टेप तुटली, आणि जोडायला गेल्यावर हातात तिचा चुरा आला. गौतमीच्या घरी संगणक नव्हता.

"राहू दे टेस्ट डिस्कवरच," जयवंत म्हणाला होता. "तिजोरी आहे ती."

त्या दिवशी तो स्वतःवर खूष होता. असे दिवस त्याच्या नोकरीत फारसे येत नसत.

पुढच्याच गुरुवारी लाइट गेली आणि परत आली ती जोरात आली. कार्ड जळालं. नवं कार्ड आलं, त्यावर नवी चिप, तिच्या पोटात नवी किल्ली.

गौतमीने या कार्डाची चाचणी इतक्या वेळा केली होती की तिला समजवण्यासारखं काही नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "कुलूप सॉफ्टवेअरचं असतं तर?"

"मिळालं असतं. किल्लीची नक्कल माझ्याकडे असती."

"कुणी ठरवलं, सर?"

इतिवृत्ताची फाइल समोरच होती. 'इतर'मध्ये तारखेसह प्रश्न होता. जयवंतने ती उघडली आणि बंद केली.

"ओळ मी लिहिली," तो म्हणाला.

ती नव्या कार्डाकडे बघतच म्हणाली, "मग आईला तुमीच सांगा. मला सांगता यायचं न्हाई."

दरम्यान ऋषिकेशने क्लायंटला कळवलं की आमचं कुलूप खुद्द आम्हालाही उघडत नाही. माहितीपत्रकात ते वैशिष्ट्यांमध्ये तिसऱ्या क्रमांकावर छापलं गेलं.

जयवंतने डिस्क साध्या कार्डाला जोडली. ती गुणगुणायला लागली, तिचा हिरवा दिवा लुकलुकला. सगळं आत होतं. कोणती फाइल डिस्कवरच्या कितव्या कप्प्यापासून कितव्यापर्यंत लिहिली, हे ड्रायव्हरने नोंदवून ठेवलं होतं. त्या आकड्यांच्या मध्ये विलासदादा गात होते. त्याने तेवढा तुकडा आवाज म्हणून लावून पाहिला. नुसती खरखर. हेडफोन काढून ठेवल्यावरही ती खोलीत चालूच आहे असं वाटलं. दोन दिवस तसंच वाटत राहिलं.

रविवारी दुपारी तो लॅपटॉप, डिस्क आणि नोंदींचा कागद घेऊन घोटावड्याला गेला. गौतमीची आई, केशरबाई, हिने पाणी दिलं. इंग्रजी शब्द टाळून सांगायचं म्हटल्यावर त्याचं सांगणं चार वाक्यांत संपलं.

केशरबाईने डिस्कच्या डबीवर बोट ठेवलं. "म्हंजी ह्ये हितंच हायेत."

"हो."

"समदे?"

"सगळे. कणभर कमी नाही."

"पन बोलत न्हाईत."

"किल्ली जळाली, मावशी. तिची नक्कल कुठे राहूच नये, असं मीच केलं होतं."

"मुद्दाम?"

"चोरांसाठी."

"आमच्याकडं काय न्यायला येत्याल चोर?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. जयवंतने नोंदींचा कागद उलगडला.

"लावा," ती म्हणाली.

"नुसती खरखर आहे, मावशी."

"लावा की."

त्याने लावलं. घरात खरखर भरली. गौतमी दारात पाठ करून उभी राहिली. बाहेरून कारखान्याकडे जाणारा टेम्पो गेला. दहा-बारा मिनिटांनी जयवंत बंद करायला पुढे झाला, तेव्हा केशरबाईने न बघता त्याचा हात बाजूला सारला. अर्धा तास होत आला. खरखरीत तसूभर फरक नव्हता; कुणाच्या कानाला कळावं असं त्यात काहीच नव्हतं.

"ही बाजू सरली," केशरबाई हळूच म्हणाली. "आता जरा दम खात्याल."

जयवंतने पडद्यावरचा आकडा कागदाशी ताडून पाहिला. पहिली फाइल नुकतीच संपली होती.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. केशरबाईने पदर सारखा केला आणि मांडी बदलून ती पुढचं ऐकायला बसली.