बिनइस्त्रीचा निरोप

बाबांना निरोप द्यायच्या सकाळी आमच्या घरात दोनच तऱ्हेचे कपडे होते. इस्त्री केलेले, पण भडक. आणि साधे, पण चुरगळलेले.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी पुस्तकं बांधण्यात घालवला. बाइंडिंगच्या कारखान्यात दिवसभर कागदाच्या घड्या घालायच्या, दाबायच्या, शिवायच्या. आणि कारखान्यात जायच्या आधी, पहाटे उठून घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायची. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, इस्त्री सुटली नाही. जेवणाच्या टेबलावर जुनी रजई अंथरलेली असायची. आम्ही उठेपर्यंत प्रत्येकाच्या खुर्चीच्या पाठीवर ज्याचे त्याचे कपडे तयार. त्या टेबलाजवळ दुसऱ्या कुणी फिरकलेलं त्यांना खपायचं नाही. मी एकदा लुडबुड करायला गेले तर म्हणाले, "तू बस चालव, ही गाडी मला चालवू दे."

मी खरंच बस चालवते, शहरातली. पहिली पाळी असली की अंधारात निघावं लागतं. थंडीच्या दिवसांत तो इस्त्रीचा उबदार शर्ट अंगात घालताना मला रोज वाटायचं, आपण या घरात सून म्हणून आलोच नाही, लाडावलेली लेक म्हणून आलोय. माझ्या माहेरी माझे कपडे असे कुणी कधी हातात धरले नव्हते.

फक्त एक गोष्ट बाबांना शेवटपर्यंत जमली नाही, ती म्हणजे पँट. पँटची घडी पुढे आणि मागे पडायला हवी. बाबा पडले बाइंडर. जिथे शिवण तिथे घडी, हे त्यांच्या हाताला ठाऊक. त्यामुळे माझ्या पँटची घडी पडायची दोन्ही बाजूंना, पाय अगदी सपाट. डेपोत मला सगळे 'पाटी' म्हणायला लागले. कुणी चिडवलं तर अंगावर धावून जाणारी मी, या नावावर मात्र गप्प बसले. बाबांना मी ताकास तूर लागू दिली नाही. समोरून विचारायचे, "घडी बरोबर आहे ना गं?" आणि मी म्हणायचे, "एकदम कडक!"

बाबा दवाखान्यात होते त्या दिवसांत आमच्या धावपळीला अंत नव्हता. त्यांनी इस्त्री करून ठेवलेले साधे कपडे एकेक करून अंगावर चढले, धुतले गेले, आणि वाळून खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन पडले. त्या खुर्चीचा डोंगर झाला. कपाटात उरले ते लग्नकार्याचे कपडे. नवऱ्याचा चमकणारा जांभळा शर्ट, माझा टिकल्याटिकल्यांचा ड्रेस, आणि सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, सोनेरी काठांचा लिंबू रंगाचा पोशाख. सगळे बाबांच्या हातचे. एकावरही सुरकुती म्हणून नव्हती.

अशा वेळी नणंद येऊन पोचली. आमच्या ताई परगावी राहतात, स्वभावाने तलवार. रडून झालं, आईंच्या गळ्यात पडून झालं, आणि मग त्यांची नजर खुर्चीवर गेली.

"हे घालून जाणार तुम्ही? बाबांच्या अंत्यसंस्काराला?"

"मग काय टिकल्या लावून जाऊ?" मी म्हणाले. माझा राग नाकावरच असतो, त्यात रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अगं, तसं नाही म्हणत मी. बाबांना एक चुणी चालायची नाही गं." आणि ताईंचा आवाज फुटला. तेव्हा मला कळलं की ही बाई भांडायला आलेली नाही. मला जे वाटत होतं तेच तिलाही वाटत होतं. त्यांना नीटनेटक्या कपड्यांत निरोप द्यायचा, एवढीच एक गोष्ट आता त्यांच्यासाठी करता येण्यासारखी उरली होती.

लाँड्री उघडायला अवकाश होता. मी रजई अंथरली, इस्त्री काढली आणि प्लग लावला. इस्त्री तापेना. नवऱ्याने वायर हलवून पाहिली. ताईंनी प्लग उलटा लावून पाहिला. बाबा कुठेतरी काहीतरी दाबून धरायचे, एवढं सगळ्यांना आठवत होतं; कुठे आणि काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"लहानपणापासून बघतोय मी," नवरा म्हणाला.

"बघतच राहिलास," ताई म्हणाल्या. "मी तरी कुठे हात लावला म्हणा."

शेवटी वायर इस्त्रीत शिरते तिथे जरा वाकवली तशी इस्त्री तापली, आणि अशी तापली की विचारू नका. चकतीवरचे आकडे कधीच पुसून गेले होते. बाबा इस्त्री गालाजवळ नेऊन अंदाज घ्यायचे. मीही नेली. गरम आहे, एवढंच कळलं. नवऱ्याचा फिका राखाडी शर्ट पालथा पसरला, देवाचं नाव घेतलं आणि इस्त्री पाठीवर टेकवली. तेवढ्यात बेल वाजली. मी मान वळवली, आणि जळका वास आला.

शर्टाच्या पाठीवर मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. टोकासकट, अगदी चित्र काढल्यासारखा.

मी मटकन खाली बसले. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नव्हते. दवाखान्याचे सोपस्कार करायचे होते, नवऱ्याला सांभाळायचं होतं. आता मात्र हमसून हमसून रडले. एवढी वर्षं या माणसाने माझा शर्ट गरम करून दिला आणि मला त्याच्यासाठी एक शर्ट धड करता येऊ नये! नवरा शेजारी बसला, तो जळका शर्ट मांडीवर घेऊन. "मी हाच घालणार," एवढंच म्हणाला.

दारात वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. त्यांनी त्यांचा काळा सुती पोशाख आणला होता, ताजी इस्त्री केलेला. "बाईंना होईल," त्या म्हणाल्या. "लोक येतील, शाळेतले येतील. बाईंना असं कुणी पाहिलेलं नाही ना कधी."

ते खरंच होतं. आई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांची टापटीप गावभर गाजलेली. कॉलर उभी, बाह्यांच्या घड्या धारदार. मुलींना दटावताना शिक्षिका म्हणायच्या, "बाईंकडे बघा जरा!" अजूनही रस्त्यात भेटणाऱ्या बायका, ज्या आता स्वतः आज्या झाल्यात, आईंना पाहिलं की आधी आपले कपडे सारखे करतात.

आई सकाळपासून पलंगाच्या कडेला बसून होत्या. त्यांनी नर्सबाईंचा पोशाख हातात घेतला, बाहीवरून बोट फिरवलं. "छान केलीय हो इस्त्री," म्हणाल्या. मग तो जसाच्या तसा परत दिला. "पण मी माझाच घालते."

"आई, अगं लोक काय म्हणतील?" ताई म्हणाल्या.

आई उठल्या, खुर्चीतल्या ढिगातून त्यांचा करड्या रंगाचा पोशाख ओढून काढला आणि आत जाऊन घालून आल्या. कॉलर एकीकडे दुमडलेली, पाठीवर चुण्या. मी पुढे होऊन कॉलर ओढायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

तसेच निघालो. मी माझा निळा ड्रेस घातला, तोही ढिगातलाच. ताईंनी जिन्यातच स्वतःच्या कडक ओढणीचा मुठीत घेऊन चोळामोळा केला. मी बघितलं, तर म्हणाल्या, "मी काय परकी आहे?"

अंत्यदर्शनाचा हॉल भरला होता. बाबांचे कारखान्यातले जुने सोबती, आईंची शाळा, माझ्या डेपोतले गणवेशातले चौघेजण. नवरा बाबांच्या उशाशी उभा होता, लोकांकडे पाठ करून, आणि त्या पाठीवर ती इस्त्री. सगळ्यांना दिसत होती. मागून कुजबुज ऐकू यायला लागली. माझे कान तापले. वाटलं, आपण बाबांची शोभा केली.

आईंच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एक, आता त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका, पुढे आल्या. डोळे भरलेले. त्यांनी आईंना जवळ घेतलं आणि हळूच, कुणाला दिसू नये अशा बेताने, आईंची कॉलर सारखी करायला गेल्या.

"राहू दे," आई म्हणाल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा तो आवाज. हॉल शांत झाला.

"मला इस्त्री येत नाही," आई म्हणाल्या. "कधीच येत नव्हती. तुम्ही सगळ्याजणी माझी टापटीप म्हणायचात ना, ती यांची. मी शाळेत लागले त्या दिवसापासून रोज पहाटे उठून यांनी माझ्या कपड्यांना इस्त्री केली. मी सांगणार होते सगळ्यांना. हेच म्हणाले, नको. पुरुषाने बायकोचे कपडे केले तर लोक हसतील म्हणाले. मला हसले तर चालेल, तुला हसायला नकोत, तुला शाळा चालवायची आहे."

त्या थांबल्या. मग बाबांकडे वळल्या.

"आता मला शाळा चालवायची नाहीये," त्या त्यांना म्हणाल्या. "म्हणून सांगितलं."

कुणी हसलं नाही. त्या मुख्याध्यापिकाबाईंनी कॉलरवरचा हात काढला आणि आईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. माझा नवरा तसाच पाठमोरा होता. आता लोक त्याच्या पाठीकडे बघत होते आणि डोळे पुसत होते. डेपोतल्या एकाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चुरगळलेल्या ड्रेसकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, तशी रीतच नाही. मी पुढे गेले, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थँक यू, बाबा." माझ्यामागून ताईंनी म्हटलं. नवऱ्याने म्हटलं. आणि सगळ्यात शेवटी, वाकायला त्रास होत असतानाही वाकून, आईंनी म्हटलं.