नानांची पंगत

आमच्या घरी नाना उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नसे. नाना म्हणजे माझे सासरे. ग्वाल्हेर दरबारच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, त्यांचा उभा जन्म गेला. तिथल्या एवढ्या मोठ्या पंगतीत कुणाचं पान रिकामं झालंय, ते त्यांना दाराशी उभं राहून दिसे. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, त्यांचं खातं बंद पडलं आणि आग्रह करायला माणसंच उरली नाहीत. उरली माझी दुर्गा.

तेव्हा ती तीन वर्षांची होती. नानांच्या पाटाला पाट लावून जेवायची. नाना जेवत सावकाश. तेवढा वेळ पोरीनं रिकाम्या पानापुढे बसायचं कसं? मग अजून एक पुरी, अजून जरासं श्रीखंड. पान संपवलं की शाबासकी. अकरावं लागलं तेव्हा जयेंद्रगंजातल्या आमच्या घराचा जिना ती एका दमात चढेना. मध्येच पायरीवर बसायची, गुडघे चोळायची. मुली चिडवतात म्हणून शाळाही नको म्हणू लागली. मी यजमानांच्या कानीकपाळी ओरडले. ते म्हणाले, खात्यापित्या घरची मुलगी आहे, मोठी झाली की अंग झडेल. त्यांचं सगळं लक्ष भोपाळकडे. नवा प्रांत होणार, कचेऱ्या तिकडे हलणार, याशिवाय लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, त्या वर्षी दुसरं बोलणंच नव्हतं.

शेवटी मीच तिला इंदरगंजात शरयू पागनीस डॉक्टरांकडे नेलं. नानाही निघाले, कुणी बोलावलं नसताना. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं आणि औषध द्यायचं सोडून प्रश्नच विचारत बसल्या. घरात वाढतं कोण, भूक नाही म्हणाली तर काय होतं, संध्याकाळी खेळते का. मग म्हणाल्या, हिला उपाशी ठेवू नका. गोड कमी करायचं ते सगळ्या घरानं. विचारल्याशिवाय वाढू नका, संपवलं म्हणून कौतुक नको, रोज पळायला सोडा. आणि पोट भरलं की तिला उठू द्या.

"पंगतीतून?" नानांनी विचारलं.

"हो, पंगतीतून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत नाना आमच्या चार पावलं पुढेच चालत होते. मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई आपल्या घरी अक्कलशून्य ठरणार.

दुसऱ्या दिवशी दुर्गाचा हात थांबला. नानांनी तिच्याकडे पाहिलं, आपलाही हात थांबवला, जेवण संपल्याची आपोष्णी घेतली आणि उठले. त्यांच्या पानात पोळी तशीच होती. मागोमाग सगळी पंगत उठली. मी पोळ्यांचा डबा हातात घेऊन बघतच राहिले. रीत मोडली नाही आणि पोरीलाही मोकळं केलं! या माणसाला मी इतकी वर्षं नुसती भीत आले होते. त्या दिवशी मला त्यांचं फार नवल वाटलं. पुढे रोज तेच चाललं. दिवाळीपर्यंत दुर्गा जिना न थांबता चढू लागली, गल्लीत लंगडी खेळू लागली. नानांचा कोट मात्र खांद्यावरून ओघळू लागला.

ते पोरीच्या ध्यानात आलं. यजमान भोपाळहून रजेवर आले होते, त्या दुपारची गोष्ट. दुर्गा जेवायची थांबेना. पोळी मागून घेतली, मग भात. घास तोंडात फिरत होता, गिळवत नव्हता. मी डोळे वटारले तरी ऐकेना.

"भूक आहे का बाळ?" नानांनी विचारलं.

तिचे डोळे भरले. "नाही. मेरा तो कब का पेट भर गया. पण मी थांबले की तुम्ही उठता. रोज भुके राहता, नाना."

यजमानांनी मान खाली घातली. नानांनी डाव्या हातानं तिचं ताट बाजूला सरकवलं.

"तू ऊठ," ते म्हणाले. "मी जेवतोय."

ती बापाकडे बघू लागली, माझ्याकडे बघू लागली. मग उठली. नाना पाटावर बसलेले आणि एक पोर उभी, असं त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीतीही वाटत होती, आणि आनंदही होत होता. तिनं हात धुतले आणि जिन्यावरून धडाधडा खाली पळाली.

तो आवाज गल्लीत विरेपर्यंत नाना ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, मला भूक आहे," ते म्हणाले. "वाढा."

जन्मभर दुसऱ्यांना आग्रह करणारा तो माणूस प्रथमच मागून घेत होता. मी पोळी वाढली, आणि ती त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत खाल्ली.