विष पिणारं भस्म

काचेच्या हंडीतला जांभळा धूर सामी म्हणवणाऱ्या बुवाच्या काळ्या भस्मानं बघता बघता गिळला आणि गर्दीनं "हर हर महादेव!" अशी आरोळी ठोकली. तंजावुरातल्या आमच्या परसात अर्धी गल्ली लोटली होती.

"नीळकंठानं हलाहल प्यायलं, हे भस्मही पितं!" सामी तमिळमध्ये गरजला. "पुडी गळ्यात बांधा आणि खुशाल विहिरीत उतरा!"

उतरणार होते माझे अनिरुद्धकाका. देव उजळताना खंडोबाचा टाक परसातल्या जुन्या विहिरीत पडला होता. टाकाला परक्याचा हात लागता कामा नये, घरातल्या वडीलधाऱ्यानंच तो काढायचा, ही आम्हा मराठी घरांची रीत. विहिरीत वर्षानुवर्षं पाला कुजतोय. खाली विषारी वायू साचलेला असणार. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझं डोकंच फिरलं.

"सामी, ते भस्म इकडे द्या."

"बायकांनी शिवू नये!"

मी शिवलं. घरातली परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा आणला, हंडीतलं भस्म नळीत भरून ज्योतीवर धरलं. थोड्या वेळानं नळीतून तोच जांभळा धूर वर आला. लोक दचकून मागे सरले.

"हा नारळाच्या करवंटीचा कोळसा," मी म्हटलं. "खास रीतीनं भाजला की त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात. हा जांभळा धूर म्हणजे आयोडिनची वाफ. ती त्यांत अडकते, कोळसा तापवला की सुटते. आमच्या प्रयोगशाळेत असल्याच कोळशात वायू साठवतात, मंत्राशिवाय."

काका हट्टाला पेटले. "वायू धरतो ना? मग उतरतों मी!"

"काका, पुडीभर कोळसा विहीरभर वायू कसा धरेल? आणि श्वासाला हवा कोण देणार?"

भागीरथीकाकूंनी पुढे होऊन नवऱ्याच्या गळ्यातली पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती कंदिलाला बांधली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि कंदील दोरानं खाली सोडला. अर्ध्या वाटेवरच तो विझला.

"भक्ती कमी पडली," सामी पुटपुटला.

"कंदिलाची?" मी विचारलं.

काकू काकांकडे वळल्या. "अग्निशमनवाल्यांस बोलवा. परक्याचा हात लागला तर लागो. देवास मी पुन्हा न्हाऊं घालीन. तुम्हांस पुन्हा कुठून आणूं?"

काका कट्ट्यावर बसले आणि त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला.

वाचकहो, कोळशानं आपलं काम चोख केलं. उद्या त्याला कारखान्यांचा धूर आवरायला लावू. पण जीव वाचवायला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. कुणी पुडी बांधायला आला, तर आधी तपासून दाखव म्हणा, आणि नाही दाखवलं तर त्याला तोंडावर नकार द्या.