गटप्रमुख ताईचा हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. तोंडापुढे वळवता येणारा बारीक माइक असलेला, लांब वायरचा. मी मूळचा काळा. पण डाव्या कानाची गादी फाटली तेव्हा घरातल्या आईने उशीच्या जुन्या अभ्र्याचं कापड शिवून बसवलं. तेव्हापासून मी एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने फुलाफुलांचा दिसतो. वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. दिसायला मी आता काही खास राहिलेलो नाही. तरीपण एके काळी तीस माणसं माझ्या भरवशावर लढत होती, हे खरं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने मला कानांवर चढवून माइकमध्ये "एक, दोन, तीन" असं म्हटलं आणि मला बाजूला ठेवलं. मी ऐकलेला तो पहिला आवाज. मग खोकं, मग दुकानातलं वरचं फळकूट, आणि मग एके दिवशी एका तरुणाने मला खाली काढून घेतलं. त्याला त्याच्या ताईला वाढदिवसाची भेट द्यायची होती.

ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवत, आणि ताई त्यांवरून प्लास्टरचे साचे करून कवळ्या घडवायची. दिवसभर मान खाली, हातात बारीक हत्यार, आणि समोर ओळीने मांडलेले मुके जबडे. तिथे तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे. संध्याकाळी घरी आली की ती हात धुवायची, पण नखांच्या कडेला पांढरी भुकटी राहायचीच. तीच भुकटी माझ्याही अंगाला लागायची. मला ती आवडायची.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून एक ऑनलाइन खेळ खेळायचे. त्यात गड बांधायचा, तो राखायचा आणि दुसऱ्यांचा जिंकायचा. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे, त्याला गट लागतो. म्हणून दोघांनी गट काढला. भाऊ दूरच्या एका बंदरावर क्रेन चालवायला होता. घरात त्याला छोट्या म्हणत. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून गटातले सगळेच तिला ताई म्हणू लागले. त्यात तिच्या वडिलांच्या वयाचेही होते.

गट चालवणं म्हणजे काय असतं, ते मी फार जवळून ऐकलं आहे, मित्रांनो. ताईने एक वही ठेवली होती. कुणाची परीक्षा आहे, कुणाची कामाची पाळी बदलली आहे, कुणाला दरडावलेलं चालतं आणि कुणाला चालत नाही, हे सगळं त्या वहीत असे. गटात एक नवरा-बायको होते. त्यांना एकाच बुरुजावर ठेवायचं नाही, अशी नोंद तिने लाल शाईने केली होती. कुणी चुकलं तर ती "चुकलास" असं कधी म्हणत नसे. "पुढच्या वेळी मला आधी हाक मार," एवढंच म्हणे. दर रविवारी सकाळी दहाला मोठी लढाई असायची. त्याआधी ती सगळ्यांची हजेरी घ्यायची, माइक ओठांजवळ ओढायची आणि एक खोल श्वास घ्यायची. तो श्वास फक्त मला ऐकू येई. त्यानंतर तिचा आवाज असा काही लागायचा, की लॅबमधल्या कुणी ऐकला असता तर ही तीच बाई यावर त्याचा विश्वास बसला नसता.

"त्या कानातल्याशी जेवढं बोलतेस, तेवढं माझ्याशी बोललीस तर मी पण तुझा गड राखीन," आई स्वयंपाकघरातून म्हणायची.

गटात मास्तर नावाचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांचे हात थरथरायचे. पुढे जाऊन लढणं त्यांना जमत नसे, म्हणून ताईने त्यांना फाटकाचं काम दिलं होतं. आपली माणसं आत आली की फाटक लावायचं. ते हे काम इतकं मनापासून करत, की लढाई नसली तरी गडावर येऊन फाटक नीट लागतंय की नाही ते पाहून जात.

एका रविवारी फाटक लागलं नाही. मास्तरांच्या बोटाने भलतंच बटण दाबलं, शत्रू आत घुसला आणि चार महिने खपून बांधलेला गड अर्ध्या तासात गेला. तेवढ्यात छोट्याचा आवाज आला.

"मास्तर, हात कापतात तर घरी बसून पत्ते पिसा ना. चार महिन्यांची माती केलीत."

कुणीतरी हसलं. मास्तर म्हणाले, "चुकलं माझं."

"छोट्या, मास्तरांची माफी माग," ताई म्हणाली.

"ताई, चूक त्यांची आहे."

"चूक त्यांची आहे. माफी तू मागायचीस. सगळ्यांसमोर बोललास ना, मग सगळ्यांसमोरच माग."

"आणि नाही मागितली तर? मला काढशील? हा गट आपण दोघांनी काढलाय."

ताईच्या कानशिलाची शीर माझ्या गादीला लागून उडत होती. मग तिने माउसचं बटण दाबलं. गटातून कुणी बाहेर पडलं की एक बारीकसा टिंग असा आवाज होतो. तो झाला. पाठोपाठ माझी उजवी गादी ओली झाली. ताई मात्र त्याच आवाजात म्हणाली, "मास्तर, उद्यापासून नवा गड बांधायला घेऊ. फाटक तुमच्याकडेच."

छोट्याने त्यानंतर ताईशी बोलणं टाकलं. आईला फोन करायचा, जेवलीस का, गुडघा कसा आहे विचारायचा, आणि फोन ठेवायचा. आईने एकदा "ताईला देऊ का?" असं विचारलं, तर म्हणाला, "तिला तिचा गट लखलाभ." त्याने तिकडे स्वतःचा वेगळा गट काढला होता. सुट्टीत घरी यायचंही तो टाळू लागला. ताई वरवर काही दाखवत नसे. पण संध्याकाळी गटात यायच्या आधी ती मला कानांवर चढवून नुसतीच बसायची. समोरच्या यादीत शोधून शोधून छोट्याच्या गटाचं नाव काढायची. ते आज जिंकले की हरले, एवढं पाहायची आणि यादी मिटायची. जिंकले असले तर त्या दिवशी तिचा आवाज जरा मोकळा लागायचा.

अशी दोन वर्षं होत आली. माझी वायर कमकुवत झाली, माइकमध्ये खरखर येऊ लागली. गटातल्या सगळ्यांनी मिळून ताईला नवा, बिनवायरचा हेडफोन पाठवला. ताईने मला ओल्या फडक्याने पुसलं, माझी वायर नीट गुंडाळली आणि मला टेबलाच्या खणात ठेवलं. तिने मला फेकलं नाही, हे मी विसरणार नाही. पण खण तो खणच. वर, लाकडाच्या पलीकडे, रविवारी दहा वाजता तिचा आवाज लागायचा. मला तो पुसट ऐकू यायचा. सहा वर्षं जिच्या आवाजाला मी वाट करून दिली, तिचा आवाज आता माझ्यावाचून जात होता. उपयोगाला न येणं यापेक्षा मोठं दुःख वस्तूला नसतं, मित्रांनो.

पुढे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना तिला खोलीबाहेर फिरायची मनाई होती. चौथ्या दिवशी तिने ताईला हाक मारली.

"तुझा तो जुना संगणक इथे लावून दे. आणि ते फुलांचं कानातलं पण. मला तुमचा खेळ खेळायचाय."

ताईला हसू आलं. "माझ्या गटात घेते तुला."

"तुझ्या नको. तू फार शिस्तीची. मी छोट्याच्या गटात जाते."

माझी वायर जोडणारा ताईचा हात तिथल्या तिथे थांबला. मग तिने वायर खोचली आणि नाव काय ठेवायचं ते विचारलं. 'आई' हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, म्हणून आमची आई 'आई२' झाली.

छोट्याला आपल्या गटात आई आलेली पाहून काय वाटलं असेल, कोण जाणे. पहिल्या दिवशी ती तासभर एकाच भिंतीवर डोकं आपटत चालत राहिली. दुसऱ्या दिवशी आपल्याच माणसाला बाण मारला. त्याच्या गटातलं कुणीतरी वैतागून म्हणालं, "ह्या म्हातारीला कशाला घेतलंय?"

"ती हळू शिकते. शिकू दे," छोट्या म्हणाला.

माझ्या गाद्यांमध्ये आईचे कान गरम झाले होते, ते मला कळलं.

त्या संध्याकाळी बाकीचे गेल्यावर छोट्या थांबला. "आई, ताई तीस जणांना कसं सांभाळते गं? माझी बावीस माणसं आहेत आणि रोज कुणीतरी रुसतंय."

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"मास्तर अजून येतात का?"

"ते त्यांना विचार," आई म्हणाली. आणि तिने मला कानांवरून काढून ठेवलं. या बाबतीत तीही काही कमी शिस्तीची नव्हती.

पुढच्या रविवारी छोट्याने ताईच्या गटात एका दिवसापुरती जागा मागितली. आईसाठीही मागितली. ताई बाहेरच्या खोलीत नवा हेडफोन लावून बसली होती आणि मी आतल्या खोलीत आईच्या कानांवर होतो. ताई हजेरी घेत होती. मास्तरांचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "आहे. हात आता अगदीच गेले, पण कान आहेत."

"मास्तर, मी बोलतोय. छोट्या," मध्येच आवाज आला. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो होतो. सगळ्यांसमोर माफी मागतो. चुकलो मी."

मास्तर सावकाश म्हणाले, "माझं काही नाही रे. पण तुझी ताई हजेरी घेताना तुझ्या जागी अजून थांबते. नाव घेत नाही, नुसती थांबते. दोन वर्षं आम्ही सगळे तिच्याबरोबर थांबतोय."

मला ते थांबणं ठाऊक होतं. ते इतरांनाही ऐकू जात असेल, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"लढायचंय की गप्पाच मारायच्यात?" ताई म्हणाली. तिचा आवाज पार चिरकला होता. त्या दिवशीची लढाई ते हरले, आणि त्याचं कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही.

छोट्या ताईच्या गटात परत आला नाही. त्याची बावीस माणसं त्याची वाट पाहत होती, आणि ज्याने गट काढला त्याने माणसं सोडून जायचं नसतं, हे ताईनेच त्याला सांगितलं. बंदरही दूरच आहे. तो घरी यायचा म्हणतो, पण अजून आलेला नाही. मास्तरांचं नाव गेल्या महिन्यापासून यादीत दिसत नाही. ते मुलीकडे राहायला गेले म्हणतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूची वायर ओढून काढू नका, हलक्या हाताने सोडवा. कदाचित घरातल्या दुसऱ्या कुणाला तिची गरज असेल. आणि आपल्या माणसाला तोडून बोललात, तर दोन वर्षं थांबू नका. दोन वर्षांत खूप रविवार येतात, आणि ते सगळे वाया जातात.

हल्ली रविवारी लढाई संपली की ताई आणि छोट्या खेळातल्या एका मोकळ्या माळावर येऊन उभे राहतात आणि अर्धा तास बोलतात. पूर्वी ताईचा आवाज माझ्या माइकमधून बाहेर जायचा, आता तो कानांतून आत येतो. दोघं भांडतात, माणसं कशी राखावीत यावर वाद घालतात, आणि मध्येच एकाच वेळी हसतात. 'आई२'ही तिथेच जवळ उभी असते, पण आई माझा माइक तोंडापुढून वर ढकलते. तिला काही बोलायचं नसतं. ती दोन्ही हात माझ्या गाद्यांवर धरून नुसती ऐकत बसते.