ओझेलाताईचा ताप

लुईव्हिलच्या रिव्हर किंग्ज संघाचा घरचा सामना असला, की रविवारी पाद्रीबुवा प्रवचन आटोपतं घेत. घ्यावंच लागे, कारण पहिल्या बाकावरची ओझेलाताई घड्याळाकडे बघून असं काही खाकरायची, की देवदूतांनाही घाई व्हावी. मग सगळी मंडळी चर्चच्याच कपड्यांत, टोप्या-हातमोज्यांसकट, थेट बेसबॉलच्या मैदानावर. संघ आम्हा काळ्या लोकांचा, मैदान आमचं, आणि गर्दी गोळा करायची ती ओझेलाताईने. तिने हाक दिल्यावर घरी बसायची कुणाची टाप नव्हती.

म्हणूनच लेव्हर्टने तिला गळ घातली होती. किंग्जचा एकेचाळीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; नऊ उन्हाळे तिच्या माडीवर राहिलेला, लग्नानंतर दोन गल्ल्या पलीकडे गेलेला.

"ताई, जूनच्या शेवटच्या रविवारी माझा शेवटचा सामना. मैदान भरलेलं दिसू दे, बाकी काही नको."

"अरे, मुंगीला शिरायला जागा ठेवणार नाही!"

आणि नेमका त्याच रविवारी सिनसिनाटीत गोऱ्यांचा सामना आला. त्या वर्षी गोऱ्यांच्या संघात पहिल्यांदाच आपला एक खेळाडू घेतला होता, आणि तो तिथे खेळणार होता. ओझेलाताईला राहवेना. तिने चर्चमधली दोनशे माणसं जमवली, आगगाडीचे तीन डबे ठरवले, आणि लेव्हर्टला निरोप धाडला, की ताप आलाय, उठवत नाही. पन्नाशीची बाई, शाळा बुडवणाऱ्या पोरासारखं खोटं बोलली.

सामन्यात ती घसा फुटेस्तोवर ओरडली. परतताना डब्यात गाणी चालली होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आज लेव्हर्टचं कसं झालं असेल गं?" त्यानंतर गाणी पुन्हा सुरू झाली नाहीत.

सोमवारी सकाळी लेव्हर्ट दारात उभा. हातात झाकलेलं पातेलं. ओझेलाताई घोगऱ्या आवाजात "ये" म्हणाली.

"कोंबडीचं सूप. बायकोने केलंय. आवाज पार बसलाय की तुझा!"

"किती लोक होते रे?"

"एकतीस. त्यातले नऊ पाहुण्या संघाचे." तो हसला. "टाळ्या त्यांनीच वाजवल्या बिचाऱ्यांनी."

ओझेलाताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला ताप नव्हता, लेव्हर्ट. मी सिनसिनाटीला गेले होते. सगळ्यांना मीच नेलं."

"माहितीये. स्टेशनवरचा हमाल माझा मेहुणा आहे."

"मग सूप कशाला आणलंस, मेल्या?"

"बायकोला खरं सांगवलं नाही. तिला तू फार आवडतेस." त्याने पातेलं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली. "पिचरला गुंगारा देऊन, पळत जाऊन दुसरा बेस चोरला म्हणे आपल्या त्या खेळाडूने? सांग की, कसा?"

तिने सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला, मधेच मांडीवर थाप मारत. मग उठला.

"मला नुसतं विचारायचं होतंस, ताई. संघाच्या मालकाच्या हातापाया पडून तारीख बदलून घेतली असती. मलाही बघायचं होतं त्याला."

तो जाईपर्यंत लाजेने तिची मान वर झाली नाही. सूप एव्हाना गार झालं होतं. तरी तिने ते उभ्याउभ्याच संपवलं. पातेलं त्याच्या बायकोकडे रिकामं जायला हवं होतं.