वीसपर्यंत मोजायचं

ढब्बूला सोमवारी सकाळी अकरा वाजता त्याच्या बापाच्या हवाली करायचं होतं. आम्ही शनिवारीच त्या शहरात जाऊन थडकलो. कल्पना नवऱ्याची. म्हणे, दोन दिवस सुट्टी समजू, हिंडू, बाहेर जेवू, पोराला शहर दाखवू.

"तेरा महिन्यांच्या पोराला काय कळतंय शहर?" मी म्हणाले.

"आपल्याला कळेल ना," तो म्हणाला आणि बाबागाडीच्या चाकांना तेल घालत बसला.

ढब्बू माझ्या ताईचा. तो दीड महिन्याचा असताना तापाचं निमित्त होऊन ताई गेली. भावोजी तेव्हा इतके खचले होते की त्यांच्या हातात पोर द्यायची भीती वाटायची. "सहा महिने मी सांभाळते," असं सगळ्यांसमोर मीच म्हणाले होते. त्याचे साडेअकरा महिने झाले. आता भावोजींनी नवी नोकरी धरली, घर घेतलं, आपल्या आईला सोबतीला आणलं. माणूस सज्जन आहे. त्यांच्यात काही खोट काढता आली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

पंचाईत अशी होती, की ढब्बू माझ्याशिवाय कुणाकडे जायचा नाही. नवऱ्याकडे जायचा, पण तोही मी समोर असले तरच. मी घरी कपडे शिवते. माप द्यायला आलेल्या बाईने नुसता हात पुढे केला तरी हा भोंगा सुरू करायचा. भावोजींच्या दारात हा असा रडला, तर माझा पाय तिथून निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून महिनाभर आधी मी एक खेळ काढला. ढब्बूला दुसऱ्याच्या कडेवर द्यायचं, समोर उभं राहून मोठ्याने वीसपर्यंत मोजायचं आणि वीस झाले की परत घ्यायचं. पहिल्या दिवशी चारपर्यंतच मजल गेली. तिसऱ्या आठवड्यात पठ्ठ्या आरामात लोकांच्या कानातले ओढत बसायला लागला. मोजण्याची चाल त्याला पाठ झाली होती. सतरा म्हटलं की माझ्याकडे वळायचा, एकोणिसाला दोन्ही हात पुढे. मला माझ्या हुशारीचं कोण कौतुक वाटत होतं.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. शनिवारी आम्ही उंच मनोऱ्यावर गेलो, तर सगळे लोक खालची नदी बघत होते आणि हा लिफ्टच्या दाराची फट बघत होता. मी ढब्बूला तिकिटं तपासणाऱ्या बाईकडे दिलं आणि वीस मोजले. खाली बागेत एका आजोबांकडे दिलं, वीस मोजले. ढब्बूने त्यांची टोपी काढून स्वतःच्या तोंडात घातली. आजोबा खूश.

दुपारी जेवायला एका हॉटेलात शिरलो. खिडकीजवळचं टेबल, ढब्बूला उंच खुर्ची. त्याने चमचा तीनदा खाली टाकला, चौथ्यांदा शेजारच्या टेबलाखाली भिरकावला. वाढणारी मुलगी तो उचलून देत म्हणाली, "किती गोड आहे. अगदी आईवर गेलाय."

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं. हनुवटी, कपाळ, जांभई देताना एकच डोळा मिटायची खोड, सगळं ताईचं. "घेतेस का जरा?" मी विचारलं आणि त्याला तिच्या हातात देऊन मोजायला लागले.

वीस झाले, ढब्बू परत आला, मुलगी गेली. नवऱ्याने चमचा खाली ठेवला.

"पुरे कर आता. तो काय पार्सल आहे, ज्याच्या त्याच्या हातात द्यायला?"

"सवय नको व्हायला?"

"कुणाला? त्याला की तुला?"

"तुझं सूप गार होतंय," मी म्हणाले.

त्याने ढब्बूला माझ्याकडून घेतलं, मांडीवर बसवलं आणि उकडलेला बटाटा कुस्करून भरवला. स्वतः डाव्या हाताने जेवला. शर्टभर बटाटा झाला. मी ओला रुमाल पुढे केला, तर म्हणाला, राहू दे.

रविवारी मासे बघायला गेलो. छतापर्यंत काच, आत निळं पाणी. ढब्बू काचेला गाल लावून उभा राहिला. एक रुंद, चपटा मासा काचेवरून सरकत गेला की हा खिदळायचा आणि मागे वळून बघायचा, मी बघितलं की नाही ते. दर वेळी वळायचा. मी बाकावर बसले होते. दर वेळी मान हलवत होते, आणि तोंड फिरवून पदराला डोळे पुसत होते. सरळच सांगते, मला तो हवा होता. भावोजींना अपघात व्हावा असं मनात आलं नाही, पण त्यांची बदली व्हावी, त्यांच्या आईचे गुडघे दुखावेत, असलं काय काय आलं. त्या दिवशी मी त्याला कुणाकडेच दिलं नाही.

सोमवारी भावोजींच्या घरी पोचलो. इमारत जुनी, सहावा मजला. नवऱ्याने तोच बटाट्याचा शर्ट घातला होता. लिफ्टचं दार हाताने सरकवायचं. वर पोचल्यावर त्याने ते चारदा उघडून मिटून पाहिलं.

"भावोजी, हे दार पूर्ण बसत नाही. फटीत बोट जाईल त्याचं. सोसायटीला सांगा. नाहीतर मी येऊन करून देतो. सुट्टी काढून येतो, त्यात काय."

"सांगतो," भावोजी म्हणाले आणि खरंच कागद आणून लिहून घेतलं.

आत चहा झाला. मी पिशवी रिकामी केली. मी शिवलेली सहा झबली होती, शिलाईत जास्तीचं कापड सोडून, उसवलं की आणखी वर्षभर पुरतील अशी. भावोजींच्या आईने प्रत्येक झबलं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझे उपकार कसे फेडायचे?" मी म्हणाले, "बटाट्यात मीठ कमी घाला."

मग उठलोच. दारात मी ढब्बूला भावोजींच्या हातात दिलं. तो रडला नाही. एकदम खुशीत गेला, त्यांचा चष्मा ओढला, त्यांच्या खिशातलं पेन काढलं. भावोजींचे डोळे भरून आले. "अरे, आला की माझ्याकडे," ते म्हणाले.

मी मोजायला लागले नव्हते. पण ढब्बू मोजत असावा. थोड्या वेळाने त्याने पेन टाकलं, माझ्याकडे वळला आणि दोन्ही हात पुढे केले. हसत होता. महिनाभरात एकदाही मी त्याला परत घेतलं नाही असं झालं नव्हतं. दुसऱ्याकडे जायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. मी परत घेते, एवढंच त्याला शिकवलं होतं.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझा दंड धरला.

"एक," मी म्हणाले. "दोन. तीन."

ढब्बूने हात खाली घेतले. खेळ आत्ता सुरू होतोय, असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा चष्मा धरला. मी मोजत मोजत मागे सरकले आणि जिन्याकडे वळले. लिफ्टने जायचं नवऱ्यालाही सुचलं नाही.

चौथ्या मजल्यावर माझे वीस झाले. वरून अजून काही ऐकू आलं नव्हतं. नवरा म्हणाला, "चल," आणि आम्ही उतरत राहिलो. तिसऱ्या मजल्यावर आलो, तेव्हा वर ढब्बू रडायला लागला.